बाहुलीचे जुने कपडे: धुण्याआधी, धुताना आणि धुतल्यावर

पोटमाळ्यावरून पुठ्ठ्याचं खोकं खाली उतरवलं तेव्हा मला वाटलं, आत शाळेच्या वह्या असतील. दोरी सोडली, झाकण उघडलं, तर सगळ्यात वर निळा लोकरी कोट. माझ्या तळहाताएवढा. हात लावायच्या आधीच त्याच्या कॉलरचा खरखरीतपणा मला बोटांना आठवला. त्याखाली चौदा बाहुल्या आणि कपडे, बूट, टोप्या मिळून एकसष्ट नग. काही आईने शिवलेले, काही ताईने, काही बाहुलीबरोबर विकत आलेले. सगळ्यांना एकच वास होता, बंद खोलीतल्या जुन्या कागदाचा.

त्या दिवशी मी एक चूक केली. ती आधी सांगते, कारण तुमच्या हातून ती होऊ नये म्हणूनच हे सगळं लिहायला घेतलंय. चार कपडे मी एकाच घमेल्यात कोमट पाण्यात, नेहमीची वॉशिंग पावडर घालून भिजत टाकले. त्यात एक लाल फेल्टचं, म्हणजे दाबून बनवलेल्या जाड लोकरी कापडाचं, जाकीट होतं. दहा मिनिटांत पाणी गुलाबी, आणि त्याच पाण्यात आईने शिवलेला पांढऱ्या ऑर्गंडीचा फ्रॉक. त्याची गुलाबी झाक आजही पूर्ण गेलेली नाही. जाकीट आटून इतकं लहान झालं की ते आता कुठल्याच बाहुलीला होत नाही.

त्यानंतर वर्षभर मी हळूहळू, एकेक नग हातात घेत शिकत गेले. जे हाताला लागलं ते खाली दिलं आहे.

पहिला दिवस पाण्याविना

पहिल्या दिवशी नळ उघडूच नका. टेबलावर पांढरी चादर अंथरा, चांगला उजेड घ्या आणि प्रत्येक बाहुली जशी सापडली तशी, अंगावरच्या कपड्यांसकट, तिचा फोटो काढा. समोरून, मागून, आणि बटणं कशी लावली आहेत तेही. एकदा कपडे उतरवले की कुठला पट्टा कुठल्या फ्रॉकचा, हे नंतर आठवत नाही. आठवतंय असं वाटतं, पण फोटो पाहिला की कळतं, आपण दोन जोड्यांची सरमिसळ केलेली असते.

कपडे उतरवताना सगळ्यात जास्त नुकसान होतं ते बाहीचं. बाहुलीची बोटं सुटी आणि टोकदार असतील तर ती अस्तरात अडकतात, आणि जुनं अस्तर तेवढ्यानेही फाटतं. पातळ प्लास्टिकचा छोटा तुकडा बाहुलीच्या पंजावर गुंडाळा, बाही त्यावरून अलगद सरकते. कपडा व्हिनाइलला, म्हणजे बाहुलीच्या अंगाच्या मऊ प्लास्टिकला, चिकटला असेल तर ओढू नका. कडेपासून सुरुवात करून थोडा थोडा सोडवत न्या.

आणि खिसे तपासा. बाहुलीच्या कपड्याला खिसा असला तर बहुतेक वेळा तो दाखवण्यापुरता असतो, पण घरी शिवलेल्या कपड्याला खराखुरा खिसा असू शकतो. निळ्या कोटाच्या उजव्या खिशात मला कागदाची बारीक सुरळी सापडली. चिमट्याने उलगडली. ताईच्या तेव्हाच्या अक्षरात, पेन्सिलने लिहिलेलं: आगगाडीचं तिकीट, खिडकीची जागा, एक. तो कोट मी आधीच घमेल्यात टाकला असता तर त्या कागदाचा लगदा झाला असता. मी नुसती बसून राहिले त्या दिवशी, पुढचं काही केलं नाही.

मग वही करा. प्रत्येक नगाला क्रमांक, कापड कुठलं, कोणी शिवलं, काय तुटलंय, डाग कुठे आहे. कोणी शिवलं हे लिहिणं फार महत्त्वाचं. कपडा उलटा करून शिवण बघितली की पुष्कळ कळतं. आई मशीनवर बारीक टाका घालायची आणि टोकाला दोरा उलटा नेऊन पक्का करायची. ताईचे टाके हाताचे, मोठे, जरासे तिरके, आणि गाठ नेहमी उलट्या बाजूला न घालता वरच. ही गाठ म्हणजे कपड्यातला दोष नाही, ती दुरुस्त करायला जाऊ नका. मी एक गाठ कापली आणि मग पुष्कळ दिवस मनाला लागून राहिलं.

विकतचे कपडे असतील तर मानेपाशी किंवा बाजूच्या शिवणीत कापडी पट्टी शोधा. पट्टीवरचं नाव, कपडा कुठल्या देशात शिवला आणि बंद कसले आहेत, यावरून काळाचा अंदाज येतो. बार्बी पहिल्यांदा ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या जत्रेत लोकांपुढे आली. तिचे सुरुवातीचे कपडे शार्लट जॉन्सन हिने आखलेले आणि जपानमध्ये शिवलेले. त्यात अस्तर, बारीक चेन, इवलीशी बटणं असं सगळं खऱ्या कपड्यासारखं होतं. वेल्क्रो नंतरच्या कपड्यांत येतं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. बार्बीच्या पाठीवर किंवा कमरेखाली १९६६ हे साल कोरलेलं दिसलं म्हणून ती बाहुली १९६६ची ठरत नाही. ते त्या शरीराच्या साच्यावरच्या स्वामित्वहक्काचं (कॉपीराइटचं) साल आहे आणि पुढची कितीतरी वर्षं तोच आकडा नव्या बाहुल्यांवर उमटत राहिला. माझ्याकडच्या दोघींवर तो आहे, आणि त्या दोघी माझ्या डोळ्यांदेखत नव्या कोऱ्या घरात आल्या होत्या, त्या सालाच्या खूप नंतर.

कापड ओळखणं

इथे घाई करू नका, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे. सुती कापड ओलं झालं तरी दम धरतं. व्हिस्कोस, म्हणजे रेयॉन, ओलं झालं की एकदम कमजोर पडतं. कोरडा धडधाकट दिसणारा रेयॉनचा फ्रॉक पाण्यातून एका हाताने उचलला तर स्वतःच्याच वजनाने फाटू शकतो. लोकर आणि फेल्ट गरम पाण्यात आणि चोळण्याने आटतात. रेशमाला नेहमीची पावडर सोसत नाही. चकचकीत, थोडा कडक, जुन्या सॅटिनसारखा दिसणारा कपडा अॅसिटेटचा असू शकतो. त्याच्या जवळपास नेलपॉलिश रिमूव्हर नेऊ नका. त्यात अॅसिटोन असेल तर कापड डोळ्यांसमोर विरघळतं.

शंका असेल तर आतल्या शिवणीतली माया उसवून एक दोरा काढा. मोठ्या माणसानेच, चिमट्यात धरून, पाण्याची वाटी शेजारी ठेवून तो पेटवून बघायचा. सुती दोरा कागदासारखा जळतो आणि मऊ राखाडी राख उरते. लोकर आणि रेशीम यांना केस जळल्याचा वास येतो. नायलॉन आणि पॉलिएस्टर वितळून टोकाला टणक मणी होतो. अॅसिटेटही वितळतं, पण त्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. एका दोऱ्यावर भागतं, जास्त काढू नका.

मग कोरडी साफसफाई. मऊ ब्रशने शिवणीच्या कडेकडेने, चुण्यांच्या आतून धूळ काढा. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर नळीच्या तोंडावर पातळ जाळीचं कापड बांधा, शोषण सगळ्यात कमी ठेवा आणि नळी कपड्यापासून जरा वर धरा. मोती, टिकल्या, सुटी लेस असेल त्याच्या वाटेला जाऊ नका. बुरशीचे काळे-करडे ठिपके असतील तर तो कपडा घराबाहेर नेऊन, तोंडाला मास्क लावून झटका. आत झटकला तर बुरशी बाकीच्या साठ नगांवर जाऊन बसेल.

माझ्या एकसष्टपैकी बावीस नगांना याहून जास्त काही लागलंच नाही. धूळ गेली, दोन दिवस सावलीत वाऱ्यावर ठेवले, वास गेला. लोकरीचा निळा कोटही त्यातच. त्याला मी आजवर पाणी लावलेलं नाही.

रंगाची परीक्षा

प्रत्येक रंगाची वेगळी परीक्षा घ्यायची. फ्रॉकच्या कापडाची वेगळी, नागमोडी लेसची वेगळी, भरतकामाच्या दोऱ्याची वेगळी, पट्ट्याची वेगळी. कापसाची काडी आधी साध्या पाण्यात बुडवून आतल्या दुमडीवर टेकवा आणि मिनिटभर नुसती दाबून धरा. घासू नका. पांढरा कापूस पांढराच राहिला तर पुढची काडी साबणाच्या पाण्यात बुडवून तेच करा. ज्या पाण्यात कपडा भिजणार, त्याच पाण्याने परीक्षा घ्यायची. गार पाण्यात पक्का वाटणारा रंग कोमट साबणात सुटतो. माझ्या लाल फेल्टचं तेच झालं असणार.

जरासाही रंग कापसावर आला तर तो नग भिजवायचा नाही. लाल, गडद निळा आणि काळा या तीन रंगांवर परीक्षा झाल्यावरही माझा विश्वास नाही, ते मी नेहमी एकेकटेच धुते.

धुणं

पांढऱ्या रंगाचं उथळ भांडं घ्या, म्हणजे पाण्याचा रंग बदलला की लगेच दिसतो. कोमट पाणी, हाताला जेमतेम उबदार लागेल इतकंच. साबण सौम्य आणि द्रवरूप. रंग, सुगंध आणि कपडा उजळ दिसावा म्हणून घातलेली द्रव्यं नसलेला. पाणी लिटरभर असेल तर साबणाचे काही थेंब पुरतात. रेशीम आणि लोकर यांना एन्झाइम असलेला डिटर्जंट अजिबात नको. त्यातली काही एन्झाइम प्रथिनांचे डाग तोडण्यासाठी असतात, आणि रेशीम, लोकर हीसुद्धा प्रथिनंच.

पाण्यात घालायच्या आधी तीन कामं. टिचबटणं आणि हूक लावून घ्या. वेल्क्रो बंद करा, नाहीतर त्याचे आकडे सॅटिनचे धागे उपसतात. आणि प्लीट असतील तर त्या आहेत तशा बसवून, बारीक सुईने, पांढऱ्या दोऱ्याने कच्चा धावदोरा घाला. हे काम कंटाळवाणं आहे पण करा. जुन्या प्लीट एकदा पाण्यात उलगडल्या की इस्त्रीने पूर्वीच्या रेषा सापडत नाहीत.

नाजूक कपडा नायलॉनच्या जाळीच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवा आणि कडेने मोठे टाके घाला. मग उचलताना सगळा भार जाळीवर येतो. मी स्वयंपाकघरातली पसरट प्लास्टिकची चाळणीही वापरते. कपडा चाळणीत, चाळणी भांड्यात. चाळणी वरखाली केली की पाणी कापडातून जातं, आणि कपड्याला हातही लावावा लागत नाही. चोळायचं नाही, पिळायचं नाही. स्पंजने वरून हलकं दाबायचं, सोडायचं, पुन्हा दाबायचं.

जुन्या सुती कपड्याचं पहिलं पाणी पिवळं-तपकिरी निघेल. घाबरू नका, तो रंग उतरत नसतो. कापूस वर्षानुवर्षं हवेत आणि आम्ल कागदाच्या सहवासात पिवळा पडतो आणि ती पिवळी द्रव्यं पाण्यात विरघळून बाहेर येतात. पाणी ओता, नवीन घ्या. ऑर्गंडीच्या फ्रॉकला मी सात पाणी दिली. पाचव्या पाण्याला मानेपाशी आईने घातलेली पांढऱ्यावर पांढरी वेल दिसायला लागली. मला ती वेल आठवतही नव्हती. चार पानं, आणि पाचव्या पानाची नुसती पेन्सिलची रेघ, भरायची राहून गेलेली.

विसळताना हात आखडू नका. साबण राहिला तर काही वर्षांनी तोच पिवळा डाग होतो. शेवटचं पाणी डिस्टिल्ड घेता आलं तर घ्या, कारण नळाच्या पाण्यात लोह असलं तर त्याचे ठिपके वाळल्यावर उमटतात.

पिवळेपणा याने गेला नाही, आणि कपडा पांढरा सुती किंवा पॉलिएस्टरचा असेल, तर सोडियम परकार्बोनेट वापरता येतं. क्लोरीन नसलेल्या, ऑक्सिजनने डाग काढणाऱ्या पावडरींत तेच मुख्य असतं. एक लिटर पाण्याला एक चहाचा चमचा, पाणी साधारण ४० अंश सेल्सिअस, पावडर पूर्ण विरघळल्यावरच कपडा घालायचा. दर तासाला बघत राहा. रेशीम, लोकर, चामडं, धातूचे बंद आणि कच्चे रंग यांना ते चालत नाही. क्लोरीनचं ब्लीच मात्र कशालाच नको. जुना सुती धागा ते खाऊन टाकतं आणि नायलॉनला उलट पिवळं करतं.

गंज

बाहुलीच्या कपड्यांचा खरा शत्रू गंज. टिचबटणाच्या भोवती तपकिरी कडं, मधोमध कापड कुजून भोक. मी आधी हे डाग साबणानेच घासत बसले. त्याने काहीच होत नाही. क्लोरीनच्या ब्लीचने तर डाग आणखी पक्का होतो.

पहिलं काम म्हणजे गंजलेलं टिचबटण उसवून काढणं. ते जागेवर असेपर्यंत डाग काढण्यात अर्थ नाही, ते पुन्हा पुन्हा गंज सोडत राहतं. बारीक कात्रीचं टोक बटण आणि दोरा यांच्यामध्ये घालून फक्त दोरा कापा, कापड नाही. काढलेलं बटण कागदाच्या पुडीत ठेवा आणि पुडीवर नगाचा क्रमांक लिहा.

कापड पांढरं आणि सुती असेल तर डागाखाली पांढऱ्या टॉवेलची घडी ठेवा, डागावर लिंबाचा रस टिपा, वर चिमूटभर मीठ. ते वाळू द्यायचं नाही. वाळायला लागलं की आणखी रस. अर्ध्या तासाने भरपूर पाण्याने धुऊन बघा. डाग फिका झाला असेल तर पुन्हा एकदा. दोनदा किंवा तीनदा, त्याहून जास्त नाही. आम्ल कापडात राहिलं तर धागा ठिसूळ होतो, म्हणून नंतरचं विसळणं डाग काढण्याइतकंच मनापासून करा. रंगीत कापडावर हे करू नका, गंजाबरोबर रंगही जातो. बाजारात गंज काढायची जी तयार द्रव्यं मिळतात त्यांतल्या काहींत ऑक्झॅलिक अॅसिड असतं, ते विषारी आहे. मुलं असलेल्या घरात मी ते आणलेलंच नाही.

माझ्या चेकच्या स्कर्टवर गंजाचं एक कडं तसंच ठेवलंय. तिथलं कापड इतकं विरलंय की आणखी एक धुणं त्याला झेपणार नाही. आतून पातळ जाळीचा तुकडा लावून बारीक टाक्यांनी आधार दिला आहे. डाग दिसतो. दिसू दे.

नवीन टिचबटण लावायचं तर न गंजणारं, आणि लहानात लहान. बार्बीच्या उंचीच्या बाहुलीचं माप साधारण एकास सहा. तिच्या अंगावर चार मिलिमीटरचं बटण म्हणजे आपल्या अंगावर चोवीस मिलिमीटरचं, कोटाला शोभेल असं. जुनंच बटण परत लावायचं असेल तर ते घासून, पुसून, खालच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ हात द्या. हे बटण कपड्यापासून सुटं असतानाच करायचं आणि पूर्ण वाळल्यावरच शिवायचं.

इलॅस्टिक बघा. जुन्या रबराचा चिकट चिखल झालेला असतो किंवा भुगा. ते नेफ्यातून ओढून काढायला लागलात तर नेफा फाटेल. एक इंच उसवा आणि तिथून तुकड्या-तुकड्याने बाहेर काढा.

वाळवणं आणि इस्त्री

पांढऱ्या टॉवेलवर कपडा सपाट ठेवा, वर दुसरा टॉवेल, तळहाताने दाबा. मग ताज्या कोरड्या टॉवेलवर ठेवून बोटांनी त्याचा मूळ आकार बसवा. कॉलरची टोकं, झालरीच्या लाटा, बाहीचा फुगा. बाहीत पांढऱ्या टिश्यूचा बोळा घाला. दोरीवर चिमटा लावून टांगू नका, ओल्या कपड्याचा भार खांद्याच्या दोन टाक्यांवर येतो. ऊनही नको. टिचबटणं असतील तर हेअर ड्रायरच्या गार हवेने तेवढा भाग आधी वाळवा, म्हणजे ती पुन्हा गंजणार नाहीत.

इस्त्री शक्यतो टाळा. ओला असताना नीट बसवलेल्या कपड्याला ती क्वचितच लागते. लागलीच तर सगळ्यात कमी उष्णतेवर, वर पातळ सुती कापड ठेवून, उलट्या बाजूने. बाहीच्या आत गुळगुळीत पेन्सिल किंवा लाकडी काडी कापडात गुंडाळून घातली की तीच बाहीची छोटी पाटी होते. ज्या डागाची खात्री नाही त्यावर इस्त्री फिरवू नका, उष्णतेने तो कायमचा बसतो. खळही घालू नका. कडक झालर छान दिसते, पण खळीवर कसर येते.

बाहुल्यांचं अंग

कपडे स्वच्छ झाले की ते मळक्या अंगावर घालायचे नसतात, म्हणून याबद्दलही थोडं. आधी बाहुली कशाची आहे ते बघा. व्हिनाइलची आणि टणक प्लास्टिकची बाहुली सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवून पिळलेल्या कापडाने पुसता येते. डोळ्यांच्या खाचेत, सांध्यांत आणि मानेच्या फटीत पाणी जाऊ देऊ नका. लाकडाचा भुसा आणि डिंक यांच्या लगद्याची जुनी बाहुली असेल तर तिला पाणी लावूच नका, रंगाचा पापुद्राच उचकटतो. सेल्युलॉइडची बाहुली हलकी असते, तिला कापरासारखा वास येतो आणि ती फार लवकर पेट घेते. तिला दिवा, हीटर, ऊन या सगळ्यांपासून लांब ठेवा, आणि बंद डब्यात कोंडू नका.

पाय चिकट लागत असतील तर तो मळ नसतो. व्हिनाइल मऊ राहावं म्हणून त्यात मिसळलेलं तेलकट द्रव्य कालांतराने वर येतं. साबणाच्या पाण्याने पुसलं की काही महिने बरं राहतं, मग पुन्हा येतं. अशा बाहुलीला चांगले कपडे घालून ठेवू नका, कापड ते शोषतं आणि पिवळं पडतं.

धातूची कर्णफुलं असलेल्या जुन्या बाहुल्यांच्या कानाभोवती हिरवा डाग दिसतो. तो धातूतल्या तांब्याचा. कर्णफुलं काढून वेगळी ठेवणं हा पहिला उपाय. गडद कपड्याचा रंग व्हिनाइलवर उतरला असेल तर बेन्झॉइल पेरॉक्साइडचं मुरुमांवरचं मलम डागावर लावून, वर प्लास्टिकचा तुकडा दाबून ठेवतात. मी ते एकीच्या पोटरीवर केलं. तीन दिवसांत निळा डाग गेला, पण आजूबाजूची जागाही किंचित फिकी झाली. म्हणून डागापुरतंच लावा, रोज पुसून बघा, आणि चेहऱ्यावरच्या रंगाजवळ नेऊ नका. ते कापडाला लागलं तर कापडाचा रंग उडतो.

परत ठेवताना

ज्या खोक्यात सापडले त्यात परत ठेवू नका. साध्या पुठ्ठ्यातलं आम्ल कापडात उतरतं. माझ्या दोन पेटीकोटांवर खोक्याच्या कडेची तपकिरी रेघ जशीच्या तशी उमटली होती. आम्लविरहित टिश्यू आणि तशाच कागदाचं खोकं मिळालं तर उत्तम, नाहीतर धुतलेल्या, खळ नसलेल्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळा. घडीच्या आत टिश्यूची मऊ वळी ठेवा, म्हणजे घडीवर धागा तुटत नाही. प्लास्टिकच्या पिशव्या नकोत, आत दमट हवा कोंडते. पोटमाळाही नको. जिथे तुम्ही स्वतः राहता तिथल्या कपाटात, जमिनीपासून वर, ही जागा सगळ्यात चांगली.

लोकरीला कीड लागल्याची शंका असेल तर तेवढा नग पिशवीत घालून, हवा दाबून काढून, तोंड घट्ट बंद करून दोन आठवडे उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवा. काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. ती खोलीच्या तापमानाला आली की मग, नाहीतर थंड कापडावर पाणी धरतं. ही एकच वेळ, जेव्हा प्लास्टिकची पिशवी चालते.

निळा कोट मी असाच ठेवला होता. आता तो टिश्यूत आहे, तिकीट वेगळ्या पाकिटात, दोघांवर एकच क्रमांक: सतरा. वहीत त्यापुढे लिहिलंय, “शिवण ताईची, कॉलर आईची, तीन बटणांपैकी एक नाही.” ताईला फोनवर सांगितलं तर ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, तिच्याकडे आईचा बटणांचा डबा आहे, इतक्या वर्षांत उघडलेला नाही. रविवारी ती तो घेऊन येतेय. मी पांढरी चादर धुऊन ठेवली आहे.